ट्रॅव्हल ट्रेलरची बांधणी: कुठल्या कंपनीचा माल चांगला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ट्रेलर घ्यायचा म्हटलं की घरात पहिला वाद आतल्या मांडणीवरून होतो. मुलांना बंक बेड हवे असतात, कुणाला मोठं डायनेट (जेवायचं टेबल आणि बाकडी), कुणाला बाहेरचं किचन. बांधणीचा विषय निघतो तो पहिल्या मोठ्या पावसानंतर, छताच्या कोपऱ्यात चहाच्या डागासारखं काहीतरी दिसलं की. आमचंही असंच झालं. पहिला ट्रेलर शिकवणीच्या फीसारखा महाग पडला, तेव्हापासून लोक आम्हाला विचारत आले आहेत. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं बोलणं अमेरिका-कॅनडातल्या ट्रेलरबद्दल आहे.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे नक्की कोणता? फिफ्थ व्हील त्यातच येतं का?

गाडीच्या मागच्या हिचवरच्या गोळ्याला अडकवून ओढायचा तो ट्रॅव्हल ट्रेलर. फिफ्थ व्हीलची जोडणी पिकअप ट्रकच्या हौद्यात बसते, त्यामुळे पुढच्या भागावरचे ताण वेगळे असतात. भिंती, छप्पर, गळती यांबद्दल खाली जे लिहिलं आहे ते दोन्हींना लागू पडतं. चेसिस (खालचा सांगाडा) आणि वजनाबद्दलचं मात्र ट्रॅव्हल ट्रेलरपुरतंच समजा.

आडवळण नको, सरळ सांगा: सगळ्यात चांगली कंपनी कोणती?

सरळ सांगायचं तर कंपनीच्या नावाआधी तीन गोष्टी विचारा. भिंत कशी बांधली आहे? खालचा सांगाडा आणि टायर किती वजनाला पुरतात? आणि हा समोर उभा असलेला नेमका नग कुणी तपासला आहे? या तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर साध्या ब्रँडचा ट्रेलरही पंधरा वर्षं टिकतो. तरीही नावच हवं असेल तर आमचं वैयक्तिक मत असं: फिरणं भरपूर आणि माणसं दोनच असतील तर ओतीव फायबरग्लासचे ट्रेलर. खडबडीत रस्त्यांवर जायचं असेल तर ओरेगनमधल्या ला ग्रँडचे नॉर्थवुडचे, कारण ते चेसिस स्वतः बनवतात. मुलांसकट वर्षाला चार-पाच सहली असतील तर इंडियानाचा (बहुतेक ट्रेलर त्याच राज्यात बनतात) कुठलाही बरा ट्रेलर चालेल, पण डोळ्यांत तेल घालून तपासलेला.

डीलरकडे पन्नास ब्रँड दिसतात. खरे उत्पादक किती?

मोठे तीन. थॉर इंडस्ट्रीजकडे एअरस्ट्रीम, जेको, कीस्टोन, हार्टलँड, डचमेन वगैरे आहेत. फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे. रॉकवुड, फ्लॅगस्टाफ, सेलम, वाइल्डवुड, कोचमेन ही तिचीच नावं. तिसरी विनेबेगो इंडस्ट्रीज, जिने २०१६ मध्ये ग्रँड डिझाइन विकत घेतली. त्याच वर्षी जेको थॉरकडे गेली.

रॉकवुड आणि फ्लॅगस्टाफ ही जुळी भावंडं आहेत, तशीच सेलम आणि वाइल्डवुड. मांडणी तीच, बांधणी तीच. स्टिकर आणि पडद्यांचे रंग वेगळे. या जुळ्यांमध्ये 'कोणता मजबूत' म्हणून रात्र जागवू नका, ज्याचा डीलर जवळ आणि दुरुस्तीला तत्पर असेल तो घ्या.

तिघांच्या बाहेरही बरेच उत्पादक आहेत. टेनेसीतली ऑलिव्हर, टेक्सासमधली कसिटा, मिनेसोटातली स्कॅम्प, ब्रिटिश कोलंबियातली एस्केप, ओहायोतली न्यूकॅम्प. आणि इंडियानातच अलीकडे निघालेल्या अलायन्स, एम्बर, ब्रिंकली.

एकाच मॉडेलचा एकाचा ट्रेलर ठणठणीत आणि दुसऱ्याचा सतत वर्कशॉपमध्ये. असं का होतं?

कारण ट्रेलर अजूनही बराचसा हातानेच बनतो. अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर उत्तर इंडियानातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत तयार होतात. तिथल्या अनेक कारखान्यांत मजुरी नगावर मिळते. पहाटे काम सुरू होतं, ठरलेला आकडा दुपारपर्यंत पुरा झाला की घरी. हात तयार असतात यात शंका नाही, पण घाईही असते. एखादा स्क्रू मागच्या लाकडात न शिरता नुसता पॅनेलमध्ये बसला, तर लाइन त्याच्यासाठी थांबत नाही. वरचं कपाट त्या स्क्रूवर लटकत राहतं आणि कुठल्यातरी खडबडीत रस्त्यावर सुटून येतं.

शिवाय माल एकाच बाजारातून येतो. बहुतेक ब्रँडच्या खाली लिपर्टचं चेसिस आणि डेक्स्टरचा किंवा लिपर्टचा ॲक्सल असतो. फ्रिज, फर्नेस (आतली हवा गरम करणारी भट्टी), खिडक्याही मोजक्या पुरवठादारांच्या. त्यामुळे ब्रँडब्रँडमधला खरा फरक जोडकामात आणि शेवटच्या तपासणीत पडतो.

'स्टिक अँड टिन' की लॅमिनेटेड भिंत?

या प्रश्नावर लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून जरा सविस्तर.

स्टिक अँड टिन म्हणजे बारीक लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये फायबरग्लासचा कापूस आणि बाहेर पन्हाळीदार ॲल्युमिनियमचा पत्रा. दिसायला जुनाट, आणि हमखास स्वस्त. पाणी आत शिरलं तर चौकट कुजते, आणि बाहेरून काही कळत नाही, कारण पत्रा तसाच दिसत राहतो. मोठा फायदा दुरुस्तीचा. पत्र्याची पट्टी काढायची, कुजलेली लाकडं बदलायची, पट्टी परत लावायची. हाताला थोडी सवय असलेला माणूस हे घरच्या अंगणात करू शकतो.

लॅमिनेटेड भिंत हे सँडविच असतं. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, मध्ये फोमचे ठोकळे, दोन्हीकडे लुआन नावाचं पातळ प्लायवुड, आणि सर्वात बाहेर गुळगुळीत फायबरग्लास; सगळं गोंदाने चिकटवलेलं. चिकटवताना निर्वात दाब बराच वेळ दिला असेल तर पकड चांगली बसते. नुसतं रोलरमधून दाबून काढलेलं पॅनेल त्या मानाने कमी भरवशाचं. अशी भिंत ताठ आणि दिसायला छान असते. पण खिडकीच्या कडेतून पाणी झिरपलं की लुआन भिजतं, गोंद सुटतो आणि बाहेरचा थर फुगून येतो. यालाच डीलॅमिनेशन म्हणतात, आणि याची चांगली दुरुस्ती म्हणजे पूर्ण भिंत बदलणं.

ते ओळखायचं कसं? सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना ट्रेलरच्या कोपऱ्याशी उभे राहा आणि गाल जवळजवळ भिंतीला टेकवून लांबवर बघा. सपाट भिंतीवर ऊन सरळ पसरतं, फुगवटा असला की तिथे पाण्यावर उठावी तशी लाट दिसते. मग तिथे अंगठा दाबा. निरोगी भिंत दगडासारखी लागते; सुटलेली भिंत किंचित आत जाते आणि सोडल्यावर 'टक्' करून परत येते. आमच्या पहिल्या ट्रेलरवर ही लाट पुढच्या खिडकीच्या खाली होती. विकणाऱ्याने ट्रेलर सावलीत उभा केला होता, आणि आम्हाला वाटलं, उन्हाचा त्रास नको म्हणून!

दोन्हींतला निवाडा मागाल तर: दहा वर्षं ठेवायचा असेल, उघड्यावर उभा राहणार असेल आणि हातात हातोडी धरता येत असेल, तर स्टिक अँड टिनला नाक मुरडू नका.

आमच्या ट्रेलरला ॲझडेल आहे. म्हणजे गळतीची काळजी मिटली ना?

निम्मी मिटली. ॲझडेल हे पॉलिप्रॉपिलीन आणि काचतंतूंचं पॅनेल, लुआनच्या जागी वापरतात. ते पाणी पीत नाही आणि कुजत नाही, वजनालाही हलकं. पण गळती त्याने थांबत नाही. पाणी फक्त पुढे सरकतं आणि जमिनीच्या लाकडापर्यंत पोचतं. गोंद खराब लागला असेल तर ॲझडेलवरचा थरही सुटू शकतो. दुसरी मेख अशी की काही मॉडेलमध्ये ॲझडेल फक्त बाहेरच्या बाजूला असतं आणि आतल्या बाजूला लुआनच. विक्रेत्याला 'ॲझडेल आहे का' असं न विचारता 'भिंतीच्या दोन्ही बाजूंना आहे का, पुढच्या-मागच्या भिंतींत आहे का' असं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

अंड्यासारखे दिसणारे फायबरग्लासचे ट्रेलर खरंच इतके टिकतात?

टिकतात. कवचाचे दोन अर्धे भाग साच्यात तयार होतात आणि कमरेला जोडले जातात, बोटीसारखे. छताला कडेचा सांधाच नाही, त्यामुळे पाण्याला वाट कमी. उरतात खिडक्या, व्हेंट आणि कवच जोडणारे रिव्हेट, तिथे मात्र लक्ष ठेवावं लागतं. ऑलिव्हरमध्ये कवचाच्या आत दुसरं कवच असतं, कसिटा आणि स्कॅम्प एकपदरी. तीस-तीस वर्षांचे स्कॅम्प आजही रस्त्यावर दिसतात आणि जुन्यालाही चांगला भाव येतो.

तोटा जागेचा. स्लाइड-आउट (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) सहसा नसतो, रुंदी कमी, आणि चौघांच्या कुटुंबाला पावसाळी दिवस आत काढायचा म्हणजे संयमाची परीक्षा.

एअरस्ट्रीमला लाखभर डॉलर मोजायचे. निदान तो तरी गळत नसेल?

गळतो. रिव्हेट ठोकलेलं ॲल्युमिनियमचं कवच देखणं आहे आणि टिकाऊही. १९३६ च्या क्लिपरपासून चालत आलेली ती घडण ओहायोतल्या जॅक्सन सेंटरमध्ये अजूनही हातानेच होते. पण रिव्हेट आणि सांधे म्हणजे पाण्याला वाटा, आणि पिढ्यानपिढ्या त्याची जमीन प्लायवुडची होती. १९७० च्या दशकातल्या ट्रेलरमध्ये मागची जमीन कुजून शरीर चेसिसपासून सुटण्याचा दोष प्रसिद्ध आहे. जुना एअरस्ट्रीम बघायला गेलात तर मागच्या बंपरवर उभं राहून हलकेच झोके घ्या आणि सोबतच्याला बंपर व शरीर यांमधल्या फटीकडे बघायला सांगा. बंपर हलतोय आणि शरीर जागेवरच, असं दिसलं तर चहा पिऊन परत या.

एक गंमत: थॉरची सुरुवातच १९८० मध्ये एअरस्ट्रीम विकत घेऊन झाली. म्हणजे सगळ्यात मानाचा ट्रेलर आणि सगळ्यात स्वस्त ट्रेलर यांचं आडनाव आज एकच आहे.

छताचं काय? टीपीओ, ईपीडीएम, पीव्हीसी यांत कोणतं चांगलं?

ही छतावरच्या रबर-प्लास्टिकच्या चादरींची नावं; तिन्ही चालतात. छत फाटून गळण्यापेक्षा कडांच्या आणि व्हेंटभोवतीच्या सीलंटमधून गळण्याचं प्रमाण फार जास्त. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत दर ९० दिवसांनी सीलंट तपासा असं लिहिलेलं असतं, आणि ते केल्याचा पुरावा नसेल तर गळतीचा वॉरंटी दावा अडतो. शिडी लावा, तारखेसह फोटो काढा. सपाट भागावर आपोआप पसरणारं सीलंट, उभ्या कडांवर न ओघळणारं. सिलिकॉन लावू नका. पुढच्या वेळी त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही आणि खरवडताना जीव जातो.

चेसिस आणि टायरवरून बांधणी कशी ओळखायची?

इथे आकडेमोड कामाला येते, आणि विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षा ती खरी असते. ट्रेलरवर दोन लेबलं असतात. एकावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं सामान भरून चालणारं कमाल वजन, आणि प्रत्येक ॲक्सलची क्षमता. दुसऱ्यावर किती सामान भरता येईल तो आकडा.

समजा कमाल वजन ७,००० पौंड आणि कारखान्यातून निघतानाचं वजन ५,९०० पौंड. उरले ११००. ताज्या पाण्याची ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड गेले, कारण एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंडांचं. उरलेल्या ६८५ मध्ये बॅटरी, भांडी, कपडे, सायकली. डीलरने बसवलेल्या ॲक्सेसरीजचं वजनही यातूनच जातं. दोन ट्रेलरची तुलना करताना हा उरलेला आकडा आधी बघा. त्यावरून कळतं की कंपनीने सांगाडा मोकळ्या मनाने दिलाय की पौंड मोजून.

टायरचंही तसंच. १४ इंची एसटी२०५ (हे टायरचं माप) टायर लोड रेंज सी (भार पेलण्याची श्रेणी) मध्ये १,७६० पौंड पेलतो. असे दोन मिळून ३,५२०. वर ॲक्सल ३,५०० पौंडांचा असेल तर हातात राहिले २० पौंड. जुन्या ट्रेलरवर असली जोडी सर्रास सापडते. तोच टायर लोड रेंज डी मध्ये २,०४० पेलतो, म्हणून रिमची परवानगी असेल तर बदलताना एक पायरी वर जा. टायर फुटला की नुसता टायर जात नाही, चाकावरची कमान आणि बुडातल्या नळ्याही फाडून नेतो. कोरा दिसणारा टायर जुना असू शकतो: बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

चेसिससाठी ट्रेलरखाली पाठीवर झोपावंच लागतं. वेल्डिंगच्या कडेने केसासारखी भेग, गंजाची एकच ताजी रेघ, किंवा प्रवेशदाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीवर निघालेला तडा, यांतलं काही दिसलं तर सांगाडा लवतोय.

आरव्हीआयएचा (आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर, बनवणाऱ्यांच्या संघटनेचा) शिक्का आहे. दर्जाची खात्री झाली ना?

नाही. दाराजवळचा तो शिक्का सुरक्षेच्या नियमांबद्दल बोलतो: एनएफपीए ११९२ या अग्निसुरक्षेच्या मानकाप्रमाणे आग, प्रोपेन, पाण्याच्या जोडण्या, बाहेर पडायची वाट, शिवाय विजेचे नियम. कपाटाचे स्क्रू, सीलंट, गोंद त्यात येत नाहीत. शिक्का असावाच, पण सगळ्याच मोठ्या कंपन्यांच्या ट्रेलरवर तो असतो, म्हणून तुलनेला त्याचा उपयोग नाही.

'फोर सीझन' लिहिलेला ट्रेलर हिवाळ्यात चालतो का?

हा शब्द जाहिरातीचा आहे, त्याला बांधील अशी एकच व्याख्या नाही. बूड झाकलेलं आहे का, फर्नेसची गरम हवा टाक्यांपर्यंत खरंच नळीने नेली आहे का, आणि टाक्यांचे व्हॉल्व्ह झाकणाच्या आत आहेत की बाहेर लोंबतायत, एवढं पाहा. व्हॉल्व्ह बाहेर असेल तर तोच पहिल्यांदा गोठतो.

स्लाइड-आउट जितके जास्त तितकी बांधणी कमकुवत, हे खरं?

ढोबळमानाने खरं. प्रत्येक स्लाइड म्हणजे भिंतीत मोठं भोक, वर रबरी सील आणि यंत्रणा. आत बसून सरकवताना दोन्ही टोकं एकाच वेळी पोचतात का ते पाहा, आणि बाहेर काढल्यावर खालच्या बाजूचं लाकूड हाताने चाचपा. दमट लागलं तर पुढे बोलूच नका.

डिलिव्हरीच्या दिवशी नेमकं काय तपासायचं?

पूर्ण दिवस काढा आणि सही व शेवटचा चेक दोन्ही तपासणी संपेपर्यंत खिशात ठेवा. नंतर 'आणून द्या, करून देऊ' म्हणणारा डीलर सीझनमध्ये सहा आठवडे ट्रेलर अंगणात उभा ठेवतो.

सुरुवात पाण्याने. पाइप जोडून पूर्ण दाब द्या, सगळे नळ सोडा, बंद करा आणि मग सिंकखालच्या नळ्यांवर कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारा थेंब टिश्यूला दिसतो. आमच्या दुसऱ्या, अगदी कोऱ्या ट्रेलरमध्ये सिंकखालचा ट्रॅप (वळणाची नळी) नुसता हातानेच फिरत होता. आवळायचा राहून गेला होता. फर्नेसच्या नळीची जाळी काढली तर आत भुसा, लाकडाचा एक तुकडा आणि सात स्क्रू. सात स्क्रू कुठून उरले हा प्रश्न आजही छळतो.

मग फर्नेस, एसी, वॉटर हीटर, आणि फ्रिज विजेवर व गॅसवर दोन्हीकडे. प्रत्येक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. वरच्या कपाटांना खालून तळहाताने ढकला. हललं तर स्क्रू लाकडात नाही. छतावर चढा. शेवटी चाकांचे नट टॉर्क रेंचने, आणि पहिल्या पन्नास-शंभर मैलांनंतर पुन्हा.

स्वतःला जमत नसेल तर एनआरव्हीआयए या आरव्ही-तपासनिसांच्या संघटनेचे प्रमाणित तपासनीस मिळतात. ट्रेलरच्या आत हवेचा हलका दाब तयार करून बाहेरून साबणाचं पाणी फवारायची चाचणी करणारेही आहेत. जिथे बुडबुडे, तिथे गळती. जुना ट्रेलर असेल तर ती चाचणी नक्की करून घ्या.

जास्त वर्षांची वॉरंटी म्हणजे चांगली बांधणी?

कंपनीला आपल्या मालावर किती विश्वास आहे याची ती एक खूण आहे. बऱ्याच ब्रँडची मूळ वॉरंटी एक वर्षाची, जेकोची दोन, एअरस्ट्रीमची तीन. 'स्ट्रक्चरल' वॉरंटी वेगळी असते आणि तिच्यात नेमकं काय येतं ते बारीक अक्षरात असतं. त्या अक्षरांत आणखी तीन गोष्टी शोधा: दुसऱ्या मालकाला ती मिळते का, भाड्याने दिल्यास रद्द होते का, आणि ट्रेलरमध्ये कायम राहणाऱ्यांना चालते का. अनेक ठिकाणी तिन्हींचं उत्तर गिऱ्हाइकाच्या विरुद्ध जातं.

पाच वेळा दुरुस्तीला जाऊनही तोच दोष. लेमन लॉ लागू होईल?

राज्यावर अवलंबून. बऱ्याच राज्यांच्या लेमन लॉमध्ये (सदोष गाडी पदरी पडलेल्या गिऱ्हाइकासाठीच्या कायद्यात) ओढायचे ट्रेलर येतच नाहीत, किंवा राहण्याचा भाग वगळलेला असतो. तेव्हा १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा हा केंद्रीय आधार उरतो. काही वॉरंटींमध्ये खटला इंडियानातच चालवावा लागेल अशी अट असते, तीही आधी वाचा. प्रत्येक खेपेला वर्क ऑर्डरची प्रत मागून घ्या; फोनवर झालेलं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

२०२१ चा ट्रेलर स्वस्तात मिळतोय. साथीच्या काळातला माल टाळावा का?

त्या वर्षी उत्तर अमेरिकेत ६ लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, तर २०२३ मध्ये सुमारे ३ लाख १३ हजार. तेच कारखाने, नवखे हात, मिळेल तो माल; घाईचे परिणाम दिसले. पण इतक्या वर्षांत त्या ट्रेलरने काय रंग दाखवायचे ते दाखवून झाले आहेत. आधीच्या मालकाने दुरुस्त्यांची फाइल ठेवली असेल तर तो ट्रेलर कोऱ्यापेक्षा बरा. भिंतीची लाट बघा (वर 'स्टिक अँड टिन'च्या उत्तरात), दाबाची चाचणी करा, आणि एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याच्या साइटवर त्या मॉडेलचे रिकॉल (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेले ट्रेलर) पाहा.

बंद पडलेल्या कंपनीचा जुना ट्रेलर घ्यावा का?

फ्लीटवुड २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी तिचे ट्रेलर अजून विकले-घेतले जातात. फ्रिज, ॲक्सल, पंप, फर्नेस यांची चिंता नाही, ते पुरवठादारांचे आणि आजही मिळतात. अडतं ते त्या कंपनीने स्वतः घडवलेल्या वस्तूंवर: पुढची प्लास्टिकची टोपी, विशिष्ट मापाची खिडकी, बाहेरच्या दारांच्या कडा. असा ट्रेलर बघायला जाताना या तीनच गोष्टींना आधी हात लावा. त्या धड असतील तर बाकीच्याचं मोल करायला बसा. पुढची टोपी तडकलेली असेल तर बदली टोपी बहुधा भंगारात उभ्या असलेल्या दुसऱ्या फ्लीटवुडवरूनच काढून आणावी लागेल.